तांबड्या रेघा

मराठीत आपण पुष्कळ गोष्टी मारतो. हाक मारतो, गप्पा मारतो, शिक्का मारतो, शाळेला दांडी मारतो, आणि गेली वीसपंचवीस वर्षं फॉरमॅटही मारतो. कोलकात्याच्या चांदनी बाजारात काउंटरपलीकडच्या मुलाने मला विचारलं, "विंडोज लोड करे देबो, दिदि?" लोड करून देऊ का. म्हणजे आपल्याकडे जे मारायचं असतं, ते तिथे भरायचं असतं. अनुवाद करणाऱ्याला अशी क्रियापदं कानावर पडली की जरा थांबायची खोड असते, आणि या वेळी थांबायला सवडही होती, कारण माझा लॅपटॉप त्याच्या टेबलावर उघडा पडला होता आणि आतली हार्ड डिस्क जाण्याच्या बेतात होती.

हा लॅपटॉप २०१९मधला. आत एक टेराबाइटची फिरती डिस्क, मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी. गेल्या पावसाळ्यात तिने टकटक सुरू केली. फाईल उघडायला सांगावी, आणि उठून चहा टाकून यावं. डिस्कची प्रकृती दाखवणारा एक छोटा प्रोग्राम असतो. त्यातले आकडे वाचायला शिकले. डिस्कच्या पृष्ठभागावर माहितीची लहान लहान घरं असतात. त्यातलं एखादं बिघडलं की डिस्क गुपचूप राखीव घरांतलं एक काढून त्या जागी वापरते आणि मोजणीत एकाची भर घालते. आपल्याला पत्ता लागत नाही. माझ्या डिस्कने अशी १८४ घरं बदलली होती, आणि आणखी १६ घरं वाचता येईनात म्हणून रांगेत होती. हा आकडा वाढायला लागला की निरोप समजायचा.

माझ्या फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी होत्या, तेव्हा ही काही गेलेल्या हस्तलिखिताची रडकथा नाही. काहीही हरवणार नव्हतं. प्रश्न वेगळाच होता, आणि तो त्या मुलाने विचारला: क्लोन करायचं की फ्रेश?

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर. घरी जाऊन बटण दाबा, तोच पडदा, त्याच खिडक्या, काही घडलंच नाही असं वाटेल. फ्रेश म्हणजे कोऱ्या डिस्कवर कोरी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि मग आपलं सामान एकेक करून आत आणायचं. अनुवादाशी याची तुलना करायचा मोह झाला आणि मी तो आवरला. संगणकाची प्रत खरोखर तंतोतंत निघते. आमच्या धंद्यात ती सोयच नाही. पण वाचता न येणाऱ्या घरांची प्रत कशी काढणार? तिथे भोकं राहतात, आणि ती कुठल्या फायलीत पडली ते ती फाईल उघडेपर्यंत कळत नाही. शिवाय या यंत्रावर विंडोज १०च्या अंगावर विंडोज ११ चढवलेलं होतं, आणि त्याखाली सहा वर्षांचा गाळ. मी फ्रेश म्हणाले, आणि वर म्हणाले की मीच करीन. त्याने मला पाचशे जीबीची एसएसडी दिली, जुनी डिस्क बाहेरून जोडायला एक केबल दिली, आणि जुनी डिस्क लावून ठेवून इन्स्टॉल करू नका, असं दोनदा बजावलं. ते बरोबर आहे. दोन डिस्का जोडलेल्या असल्या तर यंत्र सुरू करणारा भाग कधी कधी चुकीच्या डिस्कवर जाऊन बसतो, आणि मग जुनी काढली की नवीही चालत नाही.

बाकीचं काम कंटाळवाणं म्हणावं इतकं सोपं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर तयार केला, दहा बारीक स्क्रू काढले, जुनी डिस्क उचलून नवी सरकवली. पाचशेची डिस्क पडद्यावर ४६५ दिसते. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४च्या, एवढाच फरक. भाषा कुठली, कळफलक कुठला, प्रॉडक्ट की आहे का. की नाही म्हटलं तरी चालतं, कारण परवाना डिस्कवर नसतोच. तो मदरबोर्डशी बांधलेला असतो आणि इंटरनेट मिळालं की आपला आपण ओळखला जातो. मध्ये एके ठिकाणी, फायली, अॅप्स, सेटिंग्ज सगळं पुसलं जाईल हे मला मान्य आहे, अशा चौकटीत खूण करावी लागते. डिस्क कोरी असली तरी करावी लागते. मी केली. अर्ध्या तासात निळ्या पडद्यावर एक कचऱ्याची टोपली आणि खाली घड्याळ, एवढंच उरलं.

मी पहिल्यांदा चालू हस्तलिखित उघडलं. मजकूर सगळा जागेवर, पण चेहरा बदललेला. फॉन्टच्या चौकटीत नाव 'मंगल' असं होतं आणि पानावर दिसत होता 'निर्मला'. विंडोज १०पासून मंगल मुळातच बसवलेला येत नाही. सेटिंग्जमधल्या ऐच्छिक सुविधांत देवनागरीचे जादा फॉन्ट असतात, ते मागून घ्यावे लागतात. इतकी वर्षं तो माझ्या यंत्रात होता म्हणजे मी कधीतरी मराठी भाषा घातली तेव्हा आपसूक आला असणार. मंगल र. कृ. जोशींनी घडवलेला. कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे रकृ. विंडोज २०००बरोबर तो लोकांच्या घरात गेला आणि आमच्या पिढीने मराठी पडद्यावर पहिल्यांदा वाचली ती बहुतेक त्याच अक्षरात. मला तो फार सुंदर वाटतो असं नाही. पण माझी स्वतःची वाक्यं मला त्याच अक्षरात खोटी वाटली तर खोटी दिसतात. मागून घेतला.

फॉन्ट बदलून मजकूर शाबूत राहतो हे आता आपण गृहीतच धरतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. फॉन्ट कुठलाही लावा, क हा क राहतो. पण माझ्या सामानात अडतीस फायली अशा होत्या की ज्यांना हे लागू नव्हतं. त्या कोऱ्या यंत्रावर उघडल्या तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरं, उच्चारचिन्हं, पौंडाची खूण, अधूनमधून अपूर्णांक, असा चिखल आला.

त्या काकूंच्या फायली.

काकूंची आणि माझी ओळख हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीच्या आरतीला झाली. मी जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करायला आले होते, बुद्धदेव बसूंनी १९५६ साली सुरू केलेल्या त्या विभागात, आणि बंगाली वाचायला लागून वर्षच झालं होतं. काकू लग्न होऊन १९७२ साली कोलकात्यात आल्या. काका रेल्वेत, गार्डन रीचच्या कचेरीत. त्याआधी काकू मुंबईत सरकारी नोकरीत टंकलेखिका होत्या. मराठी टंकलेखनाची चाळीस शब्दांची परीक्षा पास. बंगाली त्या भाजीवाल्यांकडून, शेजारणींकडून आणि शारदीय अंकांमधून शिकल्या. साठीनंतर मुलाने संगणक आणून दिला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली की बोटं जिथे जातात तिथेच अक्षर असलं पाहिजे. म्हणून त्यांच्या यंत्रात टंकलेखकाचा कळफलक असलेला एक जुना फॉन्ट बसवला गेला. मी इन्स्क्रिप्टवर लिहिते, जिथे डीच्या बटणावर पायमोड असतो. काकूंना ते पाहून हसू यायचं. "पाय मोडून मग अक्षर जोडायचं? आमच्याकडे अर्धं अक्षर अर्धंच मिळायचं."

मी पहिली बंगाली कादंबरी मराठीत केली, ती २०१४ साली छापून आली. अडतीस प्रकरणं. प्रत्येक प्रकरणाचा खर्डा मी काकूंना छापील कागदावर द्यायचे आणि रविवारी त्या पेनड्राइव्हवर टिपणं द्यायच्या. वाक्य उतरवून त्याखाली शेरा. शेरे कडक. 'हे कोणी बोलतं का?' 'बंगालीत ती रागावलेली नाही, दमलेली आहे.' 'दोन वेळा वाचलं, दोन्ही वेळा बंगाली ऐकू आलं.' आणि काही वाक्यांखाली शेरा नसायचा, नुसतं एक फूल असायचं. त्या फॉन्टमध्ये लग्नपत्रिकांसाठी दिलेली नक्षी होती, त्यातलं एक आठ पाकळ्यांचं फूल. मी एकदा विचारलं, "काकू, हे आवडलं म्हणून का?"

"आवडलं तर मी कशाला टाइप करत बसू? फूल म्हणजे इथे मला काहीतरी खुपतंय. काय ते सांगता येत नाही. तू बघ."

२०१८च्या डिसेंबरात काकू गेल्या. आता त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे, प्रकाशकांनी सुधारून द्या म्हटलं आहे, आणि सुधारायला माझ्याकडे सगळ्यात भरवशाचं जे आहे ते या अडतीस फायलींत. म्हणून त्या चिखलाकडे मी जरा जास्त वेळ बघत बसले.

चिखल का होतो, ते सोपं आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच खणांत देवनागरीचे तुकडे ठेवले. खण जेमतेम दोनशे. त्यात उभी काठी, अर्धा स, रफार, वेलांट्या, जोडाक्षरं, कुठे काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवलं. एका कंपनीचा क दुसरीच्या म वर. संगणकाच्या लेखी काकूंनी मराठीचं एक अक्षरही टाइप केलेलं नव्हतं. त्यांनी रोमन अक्षरांची एक अर्थहीन माळ ओवली होती, आणि तो विशिष्ट फॉन्ट असेल तरच ती मराठी दिसत होती. फॉन्ट गेला की भाषा गेली.

फॉन्टची फाईल माझ्याकडे होती. ती नव्या यंत्रावर टाकली, आणि काकू पडद्यावर परत आल्या. इथे थांबताही आलं असतं. पण त्या मजकुरात शोध घेता येत नाही, तो दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही, आणि पुढच्या यंत्रावर, पुढच्या डिस्कवर पुन्हा हीच गत. फ्रेश करायला बसलेच होते. तर हेही युनिकोडमध्ये आणून ठेवावं.

रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात. त्यांचं काम दिसतं त्याहून कठीण असतं, कारण टंकलेखक डोळ्यांनी लिहितो आणि युनिकोड कानाने. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून काकूंची बोटं ती आधी मारायची. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते, कारण उच्चारात ती नंतर येते. 'स्थिती' लिहिताना काकूंचा क्रम वेलांटी, अर्धा स, थ. प्रोग्रामला ती वेलांटी उचलून अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारून पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलटं. तो 'सूर्या'त सगळ्यांच्या शेवटी, डोक्यावर मारायचा. युनिकोडला तो य च्या आधी हवा. हे सगळं त्या प्रोग्रामने बिनचूक केलं. पहिलं पान वाचून मी खूष झाले.

मग बारीक गोष्टी दिसायला लागल्या. 'दुसऱ्या', 'ऱ्हास' यांतला तो चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडणी घालायची. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. माझ्या फायलींत पहिली रीत, प्रोग्रामने वापरली दुसरी. त्यामुळे मी 'दुसऱ्या' शोधला की काकूंचे सगळे 'दुसऱ्या' गैरहजर. ॲचे तर तीन अवतार. मराठीत आपण लिहितो तो ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून भागवत, किंवा हिंदीतला ऍ घेत. माझ्या बंगाली टिपणांतही हाच प्रकार निघाला. ती मी 'अभ्र'मध्ये टाइप केलेली. मैमनसिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मेहदी हसन खान यांनी २००३ साली बनवून फुकट वाटलेला तो कळफलक. नाव ऐकून मला नेहमी आपलाच ढग आठवतो. बंगालीतल्या 'खंड त'ला युनिकोडने स्वतंत्र क्रमांक दिला तो २००५मध्ये. त्याआधीची टिपणं जुन्या रीतीची, नंतरची नव्या. शोधायला गेले 'उत्स', म्हणजे उगम, मूळ. त्यात खंड त आहे. २००४ची वही म्हणाली, असा शब्दच नाही.

हे सगळं शोधून बदलता येतं. संध्याकाळ जाते, पण होतं. सातव्या प्रकरणाशी मी जुनी आणि नवी फाईल शेजारी शेजारी ठेवून वाचत होते, तेव्हा मला जाणवलं की नवीत काहीतरी फार सुरळीत चाललं आहे. वाक्य, शेरा, वाक्य, शेरा, वाक्य, वाक्य. दोन वाक्यांखाली काहीच नव्हतं. जुनीत त्या जागी फुलं होती.

प्रोग्रामच्या तक्त्यात क, ख, मात्रा, वेलांट्या, आकडे सगळं होतं. लग्नपत्रिकेची नक्षी नव्हती. आणि जे तक्त्यात नाही ते त्याने चौकट दाखवून, प्रश्नचिन्ह ठेवून कळवलं नाही; मुकाट्याने गाळलं. मला त्याचा रागही धड येईना. मजकूर शुद्ध करून मागितला तर फुलं काढणारे संपादक मी पाहिले आहेत.

फूल त्या फॉन्टमध्ये येनच्या चिन्हाच्या खणात बसवलेलं होतं. म्हणजे मूळ फायलींत येन शोधायचा, त्या जागी असं काही ठेवायचं की जे रूपांतरातून जसंच्या तसं बाहेर येईल, आणि मग प्रोग्राम चालवायचा. असं चिन्ह सापडेना. रोमन अक्षर घातलं तर ते मराठीचा तुकडा होऊन बसणार, फुलीच्या जागी त्या फॉन्टमध्ये भलतंच काही. पूर्णविराम मात्र दोन्हीकडे पूर्णविरामच होता. म्हणून सलग तीन टिंबं. यात घोटाळ्याची शक्यता नव्हती, कारण काकूंनी आयुष्यात कधी तीन टिंबं वापरली नाहीत. "वाक्य संपवायचं धैर्य नसेल तर सुरू करू नये," असं त्यांचं मत होतं, आणि निम्म्या मराठी कवितेबद्दल त्या ते उघडपणे सांगत. अडतीस फायलींत बदल केल्यावर वर्डने खाली आकडा दिला. २१२ फुलं.

दरम्यान नव्या यंत्रावर माझं हस्तलिखित तांबड्या रेघांनी भरून गेलं होतं. शुद्धलेखन तपासणारा भाग मराठीसाठी बसवला की त्याला जे शब्द ठाऊक नाहीत त्यांच्याखाली तांबडी नागमोडी रेघ येते. जुन्या यंत्रावर ती मला जवळजवळ दिसतच नसे, कारण दर वेळी उजवं बटण दाबून मी त्याला सांगत आले होते, की हा शब्द बरोबर आहे, कोशात घाल. तो कोश म्हणजे एक साधी मजकुराची फाईल असते, एका ओळीत एक शब्द, आणि ती आपल्या डॉक्युमेंट्सच्या फोल्डरात नसून आतल्या, एरवी न दिसणाऱ्या फोल्डरात असते. ती मी आठवणीने आणली होती. नव्या जागी चिकटवायची, की सगळ्या रेघा नाहीशा.

चिकटवण्याआधी उघडली. २,३१४ शब्द. मी यंत्राला शिकवलेलं मराठी. यंत्र बदललं तसा दर वेळी हा कोश मी पुढे नेत आले होते, त्यामुळे त्यातले कित्येक शब्द त्या पहिल्या कादंबरीच्या वेळचे. मुडी. पुकुर. उठान. शिउली. आलता. ताँत. माचा. आणि हेच शब्द विभक्ती लागून पुन्हा: उठानात, उठानाला, उठानातून, पुकुराकाठी. एम.ए.ला आम्ही हिरिरीने वाद घालायचो, की अनुवादाने वाचकाला मूळ भाषेच्या अंगणात न्यावं, मूळ शब्द त्याच्या जिभेवर ठेवावेत, सगळं घरगुती करून टाकू नये. ती माझी विचारपूर्वक घेतलेली बाजू होती आणि तिच्यातलं पुष्कळ मला आजही पटतं. शिउलीचा प्राजक्त केला की दुर्गापूजेच्या पहाटेचा वास जातो, हे खरंच आहे.

पण यादी समोर होती आणि फुलांच्या फायलीही समोर होत्या, तेव्हा साहजिकच ताडून पाहिलं. सगळी नाही, पण बरीच फुलं अशा वाक्यांखाली होती की ज्यांत हे कोशात घातलेले शब्द आहेत. मी यंत्राला सांगून रेघ काढून टाकली होती, आणि छापील कागद वाचणाऱ्या काकूंनी नेमकी तिथेच फुलं वाहिली होती. काकूंना तर बंगाली येत होतं, त्यांना शब्द अडला नसणार. खुपलं असेल ते दुसरंच काही.

'उठान' घ्या. अंगण म्हणावं तर मराठी वाचकाला घरासमोरची सारवलेली जागा दिसते, मध्ये तुळस. बंगालच्या खेड्यातलं उठान घरांच्या मध्ये असतं. चारही बाजूंना वेगवेगळ्या खोल्या, स्वयंपाकघरही सुटं, आणि मधल्या मोकळ्या मातीत धान्य वाळतं, भांडणं होतात, प्रेत ठेवलं जातं. एका खोलीतून दुसरीत जायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उठान ओलांडावं लागतं, आणि त्या कादंबरीतली थोरली सून ते तीस वर्षं ओलांडते आहे. चौक म्हणावा तर वाडा उभा राहतो, फरसबंदी, लाकडी खांब, पेशवाई. 'उठान' ठेवला तर शब्द बरोबर राहतो आणि वाचकाला काहीच दिसत नाही. काकूंनी या शब्दावर पाच फुलं टाकली आहेत, चार प्रकरणांत.

'मुडी'वर मात्र शेरा आहे. 'चुरमुरे म्हण. पण मग ती उपाशी झोपली नाही हे वाचकाला कळायला हवं.' हे वाक्य मला २०१३मध्ये नीट कळलं नव्हतं म्हणा, किंवा तेव्हा त्याची गरज वाटली नव्हती. चुरमुऱ्यांना मराठीत भेळेचा वास येतो, नाहीतर पंढरपूरच्या प्रसादाचा. चुरमुरे खाऊन कुणी जेवल्यासारखं झोपत नाही. बंगालमध्ये मुडी ही रोजची पोटाची सोय आहे. सकाळी चहाबरोबर, संध्याकाळी कांदा-मिरचीबरोबर, आणि गरिबाघरी पाण्यात भिजवून रात्रीचं जेवण म्हणून. ती विधवा रात्री मुडी खाते याचा अर्थ ती जेवली. चुरमुरे लिहिलं तर ती उपाशी राहिली. मुडी लिहिलं तर कुणास ठाऊक काय खाल्लं.

तो कोश मी नव्या यंत्रात घातला नाही. आहे, बाजूला ठेवलेला आहे, फेकलेला नाही. पण प्रत्येक पानावर वीसपंचवीस तांबड्या रेघा घेऊन काम करायचं ठरवलं. त्रास होतो. काही रेघा निव्वळ मूर्खपणाच्या असतात, 'सारवलेल्या'खालीसुद्धा येते. पण एकेका रेघेपाशी यंत्र विचारतं हे काय आहे, आणि उत्तर द्यायच्या आधी मी शेजारच्या खिडकीत काकूंची तीन टिंबं आहेत का ते बघते.

विधवेच्या जागी सध्या असं आहे: तिने वाडगाभर मुडी पाण्यात भिजवली, मीठ घातलं, आणि जेवून झोपली. 'जेवून' मी घातलेला आहे, मुळात नाही. उठानाचं 'मधलं अंगण' करून पाहते आहे, पहिल्यांदा येतं तिथे चार खोल्यांसकट, नंतर नुसतं अंगण. थोरल्या सुनेच्या ओलांडण्याला ते पुरतं की नाही हे सोळाव्या प्रकरणापर्यंत गेल्याशिवाय कळणार नाही.

अकराव्या प्रकरणात एक फूल आहे, तिथे यंत्राची रेघ नाही. शब्द आहे 'अभिमान'. शुद्ध, दोन्ही भाषांच्या कोशांत असलेला. बंगालीत अभिमान म्हणजे आपल्या माणसाने दुखावल्यावर येणारा मुका राग, ज्याच्यावर हक्क आहे त्याच्यावरच येणारा. मराठीत तो छाती फुगवतो. पहिल्या आवृत्तीत मी तिथे 'रुसवा' केला होता. वाक्य चांगलं वाहतं. पण रुसणारी बाई साठ वर्षांची आहे, आणि भाऊ वीस वर्षांनी दारात आल्यावर ती त्याला बस म्हणत नाही. रुसव्याने ती एकदम सात वर्षांची होते. 'मानी' केलं तर गर्विष्ठ होते. 'मनाला लावून घेतलं' केलं तर वाक्य लांबतं आणि भाऊ बिचारा तोवर दारात ताटकळतो. मी तिथे तीन टिंबं तशीच ठेवली आहेत. प्रकाशकांना फाईल मार्चअखेर द्यायची आहे.